लॉर्नाने अडवलेलं बोट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या तंत्र महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉ. मेरिबेथ ओल्सन, व्यासपीठावर बसलेले नगराध्यक्ष मिस्टर क्रूगर, आज जिच्या सत्कारासाठी आपण जमलो ती लॉर्ना फायफर, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दाटीवाटीने उभे असलेले माझे गावकरी बंधुभगिनी,

मी गॉर्डन क्वाम. इथल्या चीझ कारखान्यात विजेच्या देखभालीचं खातं माझ्याकडे आहे. मला सांगण्यात आलंय की लॉर्नाबद्दल चार गोड शब्द बोल. मी रात्रभर शोधले. दोन सापडले, तेही प्राचार्यांनी आत्ताच वापरून टाकले. त्यामुळे आता जे खरं आहे तेच सांगतो.

परदेशातून अमेरिकेत, आपल्या कॉलेजात शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे कागद सांभाळणं हे लॉर्नाचं काम. कुणी नोकरी करावी, कधी करावी, किती तास करावी, ते सरकार ठरवतं, आणि सरकारचं म्हणणं आपल्या गावात लॉर्नाच्या तोंडून ऐकू येतं. आम्ही कारखानदारीतली माणसं. आमच्याकडे वीज गेली की गेली, ती परवानगीची वाट बघत नाही. मग मंडळी, मला सांगा, हिचं आणि माझं कसं जमायचं? शाळेत एका बाकावर होतो, तेव्हाही जमलं नव्हतं.

सारांतुयाची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. मंगोलियाची पोरगी. औद्योगिक वीज देखभालीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आली. जानेवारीत आमचं तळं ट्रक चालवण्याइतकं गोठतं, तेव्हा ही कोटाची बटणं उघडी टाकून फिरायची. शेवटच्या सत्रात अभ्यासाचा भाग म्हणून ती माझ्याकडे कामाला होती, रीतसर, लॉर्नाच्या सहीने. दूध थंड ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरचं जुनं पॅनेल आम्ही तेव्हा बदलत होतो. त्यातलं निम्मं वायरिंग तिच्या हातचं. कुठली वायर कुठे जाते त्याचा नकाशा मात्र अर्धवट राहिला, कारण मे महिन्यात अभ्यासक्रम संपला आणि त्याबरोबर परवानगीही संपली. त्या संध्याकाळी तिने हातातली पक्कड टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "गॉर्डी, आता नवीन कार्ड येईपर्यंत मला याला हात लावता येणार नाही."

"कधी येईल?"

"लॉर्ना म्हणतात, येईल तेव्हा येईल."

हे उत्तर आहे? तुम्ही सांगा, हे उत्तर आहे?

शिक्षण संपल्यावर एक वर्ष नोकरी करता येते, पण त्यासाठी सरकारचं कार्ड हातात लागतं. अर्ज वेळेत गेला होता. मी तिची जागा रिकामी ठेवली. जून गेला. आमचे मॅनेजर वेंडेल बाउअर, हे बघा समोरच बसलेत, रोज विचारायचे, "गॉर्डी, तुझी मंगोलियन आली का?" वेंडेल, मान खाली घालू नका, विचारायचात की नाही?

आणि मग जुलैच्या ऐन उकाड्यात, एका सकाळी कॉम्प्रेसर बंद पडला. चालू केला की ट्रिप. पुन्हा चालू, पुन्हा ट्रिप. टाक्यांमधलं दूध तापायला लागलं, फाटकाबाहेर टँकर उभे. पॅनेल उघडलं, तर समोर अर्धवट नकाशा. मी फोन उचलला आणि सारांतुयाला म्हटलं, "ये. कशाला हात लावू नकोस. नुसती उभी राहा आणि बोट दाखव."

ती आली, पण गाडीतळाच्या पुढे पाऊल टाकेना. का, तर तिने निघण्याआधी लॉर्नाला फोन केला होता. आणि पाचच मिनिटांत ही बाई स्वतः हजर! बागेतले चिखलाचे बूट तसेच पायात, हातात खुरपं. येऊन गेटच्या मधोमध उभी राहिली.

मी म्हटलं, "लॉर्ना, ती काम करत नाहीये. नुसतं बोट दाखवणार आहे."

"बोट कुणाचं?"

"तिचं."

"तेच बोट परवानगी असताना तू पगारावर ठेवलं असतंस ना?"

"अगं, मी तिला एक सेंट देत नाहीये! फुकट आहे!"

"मग तर आणखीच वाईट. पगाराचं काम फुकट करून घेतोयस. गॉर्डी, बाजूला हो, तुझ्या मागे ट्रक हॉर्न वाजवतोय."

मी जे काही बोललो ते चर्चच्या या सभागृहात, पास्टरांच्या देखत, सांगण्यासारखं नाही. सारांतुया रडवेली झाली. म्हणाली, "लॉर्ना, पाच मिनिटांचं काम आहे हो. दूध फुकट जाईल."

लॉर्नाने तिचा खांदा धरला. "जाऊ दे दूध. गाई उद्याही देतील."

डेअरीच्या गावात हे वाक्य बोलून जिवंत राहिलेली ही एकटीच.

शेवटी मी आणि माझ्या माणसांनी वायर न वायर तपासली. दुपार उलटल्यावर फॉल्ट सापडला. एक सैल जोड. टँकर तोवर दुसऱ्या कारखान्याकडे गेले होते, आणि टाकीतलं दूध डुकरांच्या वाट्याला. आजही माझं म्हणणं बदललेलं नाही: तो नियम मूर्खपणाचा होता.

पण पुढचं ऐका. त्याच दुपारी लॉर्ना बुटांसकट वेंडेलच्या केबिनमध्ये शिरली आणि म्हणाली, "हिची जागा भरू नका. कार्ड मी शोधते." आणि शोधलं! ते केव्हाच निघालं होतं. टपालवाला नवा. पेटीवर सारांतुयाचं नाव नाही म्हणून त्याने ते परत पाठवून दिलं. नाव का नव्हतं? कारण तिची घरमालकीण, म्हणजे माझी सख्खी मावशी बर्निस, हिने पेटीवर फुलं रंगवून लिहिलं होतं, "सारा". मावशी, हसू नकोस! तुझ्या त्या फुलांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लं.

आणि संतापाची गोष्ट अशी की, कार्ड देशभर हिंडत असताना मुदत इकडे चालूच. मंजुरीनंतर तीन महिने नोकरीविना गेले की वर्ष खलास, गाशा गुंडाळा. म्हणजे नोकरी तयार, मालक तयार, पोरगी तयार, आणि बेकारीचे दिवस मोजले जातायत! लॉर्ना आमच्या सिनेटरच्या कचेरीत रोज सकाळी फोन करायची. तिथला तरुण पुढेपुढे म्हणे फोन उचलूनच सांगायचा, "नाही आलं, मिस फायफर." मुदत संपत आली तेव्हा कार्ड आलं. सारांतुया सोमवारी कामाला आली आणि सर्वात आधी तो नकाशा पुरा केला.

एक वर्ष. बस, एकच. दोन वर्षांच्या पदविकेवर पुढे मुदत वाढत नाही. वेंडेलनी वकिलाला विचारलं, वकिलाने खांदे उडवले. माझी उत्तम इलेक्ट्रिशियन परत गेली, आणि आमच्या गेटवर "इलेक्ट्रिशियन पाहिजे" ही पाटी लागली ती अजून आहे. कुणाला रस असेल तर जेवणानंतर भेटा.

विमानतळावरून परतताना मी लॉर्नावर भडकलो. "एवढा खटाटोप कशासाठी केलास? शेवटी गेलीच ना?"

गाडी चालवता चालवता ती म्हणाली, "होंडुरासचा एक विद्यार्थी होता माझा, नेल्सन. शेतकऱ्याचा पंप बंद पडला म्हणून परवानगी नसताना मदतीला गेला. चांगुलपणाने गेला. त्यालाही मीच विमानतळावर सोडलं, पण त्याला जावं लागलं, गॉर्डी. आणि पुन्हा येता आलं नाही. ही आज आपल्या पायांनी गेली."

 

गेल्या वर्षी सारांतुयाने पुन्हा अर्ज केला, यावेळी विद्यापीठात, चार वर्षांच्या पदवीसाठी. व्हिसाच्या खिडकीवर तिला विचारलं, अमेरिकेत कधी परवानगीशिवाय काम केलंत का? तिने सरळ डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही." तिसऱ्या रांगेत, निळा स्वेटर. उभी राहा, पोरी. टाळ्या नंतर वाजवा, माझं संपत आलंय.

लॉर्ना, तुझ्यामुळे माझे केस पांढरे झाले. तुझ्यामुळेच ही आज या रांगेत बसली आहे. दोन्हीबद्दल तुझे आभार. प्राचार्यांचे, चर्चच्या भगिनीमंडळाचे आणि जेवणाचे मासे तळणाऱ्या सर्वांचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणावर आवाज चढला असेल, तर तो माझ्या स्वभावाचा दोष समजा आणि पदरात घ्या.

जाता जाता एवढंच. मघाशी कोट टांगायच्या खोलीत मी सारांतुयाला विचारलं, "उन्हाळ्यात माझ्याकडे कधी रुजू होतेस?"

ती म्हणाली, "थांबा गॉर्डी, आधी लॉर्नाला विचारते."