बुद्धी कशाला म्हणायचं

हॅलो?… हं, बोल… नाही, बाबा फोनवर येत नाहीयेत. ‘मास्तर वर्गात आहेत म्हणून सांग’ म्हणाले… कसला वर्ग! रिटायर होऊन जमाना झाला. मोबाइल घेऊन गॅलरीत बसलेत, त्या चॅटबॉटला भूमितीची गणितं घालतायत.

हो, हो… अरे, पाठ झालंय मला! एजीआय म्हणजे माणसासारखी कुठेही चालणारी बुद्धी, आणि ती अजून आलेली नाही… त्यांचंही पाठ झालंय. ‘आलीये’ म्हणतात; त्या यंत्राला गणित येतं, व्याकरण येतं, रक्ताचा रिपोर्ट समजावून सांगतं, आता काय शिंगं फुटायला हवीत?… मला काय विचारतोस! मी लोकांचे दात काढते.

अरे, ऐक ना… तू इंजिनिअर आहेस, तुझंच बरोबर असेल. पण त्या दिवशी जेवताना काय म्हणालास?… नाही, त्याच्यानंतर… हं, तेच. ‘काल शिकलेलं जे आज विसरतं, त्याला बुद्धी म्हणत नाहीत, बाबा’… यंत्राबद्दलच म्हणालास, कळतंय मला! पण बाबा ताटावरून का उठले?… हट्टी आहेत म्हणून? शाब्बास.

थांब, दार लावते.

…ऐक. त्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलंय. विसरायला लागलेत ते… चष्मा-किल्ल्या नाही रे. कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ता विसरले. दुकानदाराने आणून सोडलं… हो, सुरुवात आहे म्हणाले… अरे, ‘धाकट्याला कळवू नकोस’ म्हणून शपथ घातली मला! माझ्यावर कशाला ओरडतोस?… काय?… माफी मागायचीये?…

नाही, नाही, अजिबात नाही! एकदम ‘तुमचंच खरं’ म्हणालास तर त्यांना तिथल्या तिथे कळेल. जन्मभर पोरांच्या थापा ओळखल्यात त्यांनी. ते यंत्रही जरा दटावलं की ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणतं, मग त्याच्यावर चिडतात… तू ये आणि भांड. नीट, मुद्द्याला धरून. फक्त ते एक वाक्य… हो. तेवढं सोडून… हो रे, मला माहितीये तुला तसं म्हणायचं नव्हतं.

आले वाटतं… काय हो, बाबा? धाकटा आहे… छे, माफी कसली मागतोय! तुमचा मुद्दा साफ चुकीचा आहे म्हणतोय… हो, ‘साफ’ म्हणाला… अहो, ओढू नका, देते, देते!