पहार माझी, कान तिचा

...आणि तेसुद्धा सतरावं भोक हो! सतरावं! उणे तीसची थंडी, हातभर जाडीचा बर्फ, आणि खाली काय? पाणी! नुसतं पाणी! अहो, तळ्यात पाणीच असणार, ते मलाही कळतं, पण बीव्हरची ये-जा कुठाय? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं अख्खी वस्ती म्हणत आली, 'बीव्हर धरावा तर एबलनं!' आणि मीही मान डोलावत आलो... आता खरं सांगू? पहार माझी होती, कान तिचा होता!

तिचा म्हणजे एमिलीनचा, आमच्या मंडळींचा. मी काठाकाठानं बर्फावर पहार आपटत जायचो, आणि ही गुडघ्यावर बसून, टोपी वर सारून ऐकायची. मला सगळं सारखंच, ठक् ठक् ठक्! ती मध्येच म्हणायची, 'थांब! परत मार... हं, इथं पोकळ वाजतंय. खालून त्यांचा रस्ता जातो. खोद, म्हाताऱ्या!' मी खोदायचो, काठीला तारेचा फास बांधून आत सोडायचो, दुसऱ्या दिवशी बीव्हर हजर! मग तो पाठीवर टाकून वस्तीतनं मिरवायचं कोणी? मी! आणि ही मागून काठ्या घेऊन गुमान चालायची. एकदा तरी म्हणावं ना, की ऐकलं मी! छे!

गेल्या फेब्रुवारीत गेली ती. या शनिवारी तिच्या वर्षाचं जेवण. तर सोमवारी मेहुणी दारात उभी, लिओना, 'दाजी, बॅनकच्या रोट्या मी भाजते, रानहंस आहेत आमच्याकडे, बीव्हर मात्र तुम्ही आणायचा! ताईला भाजलेलं शेपूट किती आवडायचं, ठाऊक आहे ना?' ठाऊक आहे ना म्हणे! चाळीस वर्षं माझ्या ताटातलं शेपूट पळवलंय तिनं! म्हटलं, 'आणतो की, त्यात काय!' ...तेव्हाच जीभ झडली असती तर बरं!

मग काय, चार दिवस तळ्यावर. बीव्हरचं घर समोर दिसतंय, काठ्या-चिखलाचा ढिगारा, माथ्यावरच्या भोकातनं वाफ येतेय, म्हणजे मंडळी आत आहेत! आणि तुम्हाला सांगतो, हे जनावर हिवाळ्यात झोपत नाही हो. पाणी गोठायच्या आधीच दाराशी ओल्या फांद्यांचा साठा बुडवून ठेवतं. भूक लागली की बुडी मारायची, फांदी ओढायची, आणि घरात जाऊन दोघांनी कुरतडत बसायचं. दोघांनी! जन्माची जोडी असते त्यांची! आणि मी वर, एकटा, गुडघ्यावर, बर्फाला कान लावून... कान चिकटला हो! अर्धा थर्मास चहा ओतून सोडवला! आणि एवढं करून ऐकू काय आलं? माझाच श्वास. पहार होती, कान कुठून आणू? रडू आलं तिथंच... पण रडायचीही सोय नाही, पापण्या गोठतात!

शनिवारी रिकाम्या हातानं सभागृहात गेलो. अख्खी वस्ती बसलेली. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं! उभा राहिलो, टोपी काढली, 'मंडळी, बीव्हर मिळाला नाही. मला कधीच मिळाला नव्हता. शोधायची ती. मी नुसता खणत होतो.'

लिओनानं शांतपणे पातेल्यावरचं झाकण काढलं. आत बीव्हर! शिजलेला! शेपूट बाजूला भाजून ठेवलेलं!

'परवाच आणला आमच्या यांनी. दाजी, आम्हाला ठाऊक होतं हो.'

'कधीपासून?'

'तुमचं लग्न झाल्यापासून! ताईनंच सांगितलेलं सगळ्यांना. वर दम भरलेला, मिरवतोय तर मिरवू दे, त्याच्या तोंडावर कोणी बोललात तर बघा!'

'मग मला कशाला पाठवलंस तळ्यावर?'

'नाही कशी पाठवणार? तुम्हाला कळलं असतं ना! ताईला शब्द दिलेला!'

नव्वदीचा जॉसाया, ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही, तोसुद्धा मान हलवतोय, 'हो हो, ठाऊक होतं!'

असा राग आला म्हणून सांगू! चाळीस वर्षं मला बनवलं? गावभर सांगितलं, आणि मला नाही? म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी जातो आणि जाब विचारतो तिला, आज सोडत नाही! टोपी घातली, हातमोजे चढवले, तरातरा दारापर्यंत गेलो, दार उघडलं... आणि मग...

'दाजी, कुठं निघालात?'

'कुठं नाही गं,' म्हटलं. 'वाढ.'