नववी कडी

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या हातात कपाटाच्या कड्या होत्या, आजींच्या हातात यादी.

“अहो, आठ कड्या कशाला?”

“गाडीमागे आपला राहायचा ट्रेलर धावायला लागला, की आतली कपाटं आपोआप उघडतात. पहिल्याच वळणाला तुझ्या सगळ्या बश्या खाली.”

“कुठलं वळण? परवा लेकानं अंगणात त्याची चाकं काढून खाली विटा लावल्या ना? तुम्हीच तर धरून उभे होतात.”

“विटा काय, काढता येतात.”

“बरं. पडद्याला कापड जाड घेऊ. सूनबाईच्या स्वयंपाकघराची खिडकी अगदी समोर येते.”

“रंग तिला विचारून घे हो.”

“राहायचं आपण आणि रंग तिच्या आवडीचा?”

“बाहेरून तिलाच दिसणार ना.”

“पलंगाखाली दोनच खोकी मावतात. तुमची पुस्तकं काही मावायची नाहीत.”

“मग राहू देत आपल्या खोलीत.”

“आपली कुठली? सोमवारपासून तिथे लेकाचं ऑफिस.”

“नकाशे तरी मावतील?”

“नकाशे मावतील.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. दुकानदार कड्या बघून हसला.

“वा, आजोबा! ट्रेलर सजवताय? लांब निघालात वाटतं?”

“नाही हो. मुलाकडेच.”

“छान, छान. आठ कड्या ना?”

“नऊ द्या,” आजी म्हणाल्या. “एक दाराला. आतून लावायची.”