पितळी पेल्यावरची फुली

(जळगाव, सकाळचे अकरा. भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर, नावं कोरून देणाऱ्या कौतिकभाऊंचं टेबल. समोर स्टुलावर सत्तरीच्या रुक्माबाई आणि त्यांची मुलगी प्रज्ञा, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी.)

कौतिक : सहा गिलास झाले, ताटं झाली. आता राहिला हा जुना पेला. याचं काय म्हणालात, मॅडम?

प्रज्ञा : बुडाजवळ फुली आहे बघा. ती घासून काढायची. अगदी दिसायला नको. आणि त्याच जागी आईचं नाव टाकायचं, रुक्माबाई.

रुक्माबाई : कसाले काढस वं माय? ऱ्हाऊ दे ना.

प्रज्ञा : माय, आपलं ठरलंय ना? रविवारी मेहरूणच्या नव्या घरी सगळे जेवायला येणार, माझ्या कॉलेजचेही. कोणी पेला हातात घेऊन विचारलं, ही फुली कसली, तर मी पुन्हा तीच गोष्ट सांगत बसू? कंटाळा आला मला आता.

कौतिक : भिंग लावू द्या जरा. हं… खोल आहे हो. घासायला वेळ जाईल. तुम्ही वाचा तुमचं. मघापासून वही उघडून बसल्या, परीक्षा आहे का काही?

प्रज्ञा : दुपारी अकरावीचा तास आहे. एकच शब्द घेणार आहे, 'राइट', म्हणजे लिहिणं.

कौतिक : एका शब्दावर अख्खा तास? मुलं झोपतील.

प्रज्ञा : झोपतातच. पण या शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत. पत्र लिहिणं, गाणं रचणं. आणि गाडी ठोकली, दुरुस्तीच्या पलीकडे गेली, तर तीसुद्धा 'राइट ऑफ' झाली म्हणतात.

कौतिक : मग माझी लूना कधीचीच राइट ऑफ झाली म्हणा!

प्रज्ञा : गंमत मुळात आहे, भाऊ. दीड हजार वर्षांपूर्वी इंग्रजांच्या पूर्वजांत या शब्दाचा अर्थ होता ओरखडा काढणं. लाकडावर, दगडावर टोकदार वस्तूनं खरवडायचं. शाई, कागद हे सगळं नंतर आलं.

कौतिक : काय सांगता! अहो, हा दुकानदार मला इतकी वर्षं 'ए खरड्या' म्हणून हाक मारतो, आणि मी निघालो रायटर!

प्रज्ञा : अस्सल रायटर. आपल्या 'लिहिणं'चंही तेच. संस्कृतातल्या ज्या धातूवरून तो शब्द आला, त्याचाही अर्थ खरवडणंच होता.

कौतिक : म्हणजे सटवाई बाळाच्या कपाळावर लिहिते म्हणतात, ती बिचाऱ्याला ओरखडतच असेल.

रुक्माबाई : आमनामा सटवाई नही, भाऊ. आमनं कपाय कोरंच ऱ्हास.

कौतिक : हे बरं आहे, अक्का. आपलं आपण काय ते कोरायचं.

प्रज्ञा : आणखी एक सांगते. इंग्रजीच्या शेजारच्या भाषांनी लिहिण्यासाठी लॅटिनमधून शब्द आणला. जर्मन घ्या, डच घ्या. इंग्रजीनं मात्र आपला घरचाच ठेवला, हा खरवडण्याचा.

रुक्माबाई : बरं करं. घरनं ते घरनं.

कौतिक : अक्कांनी पाठिंबा दिला बघा इंग्रजीला! पण मॅडम, ती गोष्ट कोणती? ज्या गोष्टीचा कंटाळा आला म्हणालात ती.

प्रज्ञा : यावलजवळ एका केळीच्या मळ्यात आई एकवीस वर्षं मजुरीला होती. मळ्यातल्या शेडमध्ये तिचा हा पेला वेगळा, खिळ्याला अडकवलेला असायचा. आमची भांडी त्यांच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून मालकानं त्यावर फुली मारून ठेवलेली. आपण कोण आहोत, ते त्या बुडावर लिहिलेलं होतं. आठवीत असताना चौदा एप्रिलला मी हे भाषणात सांगितलं. मांडवात सगळे रडले. पहिलं बक्षीस मिळालं. मग कॉलेजात सांगितलं, मग शिबिरांत. आता पुरे. माझ्या घरात मला ती फुली नको.

कौतिक : थांबा, भिंगातून पुन्हा बघतो.

प्रज्ञा : काय झालं? घासा ना.

कौतिक : घासतो. पण मॅडम, तो मालक डावखुरा होता का?

प्रज्ञा : का बरं?

कौतिक : माझा धंदाच हा आहे. उजव्या हाताची रेघ एका अंगानं सुरू होते, डाव्या हाताची दुसऱ्या. ही फुली डाव्या हाताची आहे. आणि घाईत मारलेली नाही. त्याच रेघेवरून चार-पाच वेळा हत्यार फिरवलंय, बसून, जीव लावून. इथे बघा, शेपटी निघालीय. इथे हात सटकला.

प्रज्ञा : मालकाला मी पाहिलंय. हजेरीवर सही करायचे. उजव्या हातानं.

कौतिक : मग दुसरं कोणीतरी असेल.

प्रज्ञा : माय? तू डावरी आहेस.

रुक्माबाई : हाऊ भाऊ भलता हुशार शे.

प्रज्ञा : माय!

रुक्माबाई : आरडू नको. लोके दखतस. हाई दख, आंगठावर. इळा सरकना तव्हयनी खूण शे. तुले वाटे, केळी कापता कापता लागनं.

प्रज्ञा : तू स्वतः फुली मारलीस? तुझ्याच पेल्यावर? कशासाठी?

रुक्माबाई : तठे आम्हले ओंजयमा पानी देत. मालकनी माय वरथून वते, हात उंच करीसन. बठ्ठं आंगवर उडे. माले भलता राग ये. मंग मी सावदाना बजारमा हाऊ गिलास इकत लिधा, मना कमाईना. खिळावर मीच टांगा.

प्रज्ञा : आणि फुली?

रुक्माबाई : एक दिन मुकादम नवलनी त्यामा चहा पिधा. मना गिलासमा! इचारं बी नही. मी तेनासमोर राख लाईसन घासा, तीन दाव. तो दखतच ऱ्हायना. मंग इळाना टोकघाई फुली मारी. कोनी हात लावाना नही. त्यासना बाटी म्हनीसन नही, पोरी. मना बाटी म्हनीसन.

कौतिक : अरे बापरे! म्हणजे त्यांच्या हातानं तुमचा पेला बाटू नये म्हणून! अक्का, मुकादमासमोर? राखेनं?

रुक्माबाई : मंग! त्यानंतर कोनी हात नही लाया.

प्रज्ञा : तीस वर्षं, माय. तीस वर्षं मी गावोगाव खोटं सांगत फिरले. लाज वाटतेय मला.

रुक्माबाई : खोटं काय त्यामा? पानी तं वरथूनच देत व्हते. तेवढं खरं शे ना?

प्रज्ञा : पण तू सांगितलं का नाहीस?

रुक्माबाई : तू इचारं कव्हय? तू खिळा दखा, फुली दखी, आन गोट करी लिधी. मांडवमा टाया वाजनात. तुना बाप रडना. मी मधमा उठीसन काय सांगू? मंग ऱ्हाई गयं.

प्रज्ञा : मी विचारलंच नाही. खरंय. मला वाटलं, तुझ्यावर कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय. तू लिहू शकतेस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इंग्रजीची मास्तरीण मी!

कौतिक : मॅडम, डोळे पुसा. फडकं स्वच्छ आहे, घ्या. आणि सांगा, घासायचं मशीन चालू करू का बंद ठेवू?

प्रज्ञा : बंद ठेवा. घासायचं नाही. दुपारी हा पेला मी वर्गात नेते. माय, नेऊ ना? विचारतेय या वेळी.

रुक्माबाई : ने. पन धक्का लागू देऊ नको.

कौतिक : आणि नावाचं? फुलीच्या वर जागा आहे. रुक्माबाई मस्त बसेल.

रुक्माबाई : लिखेल शे ना, भाऊ. आते आनखी काय लिखानं?

प्रज्ञा : राहू द्या, भाऊ. तिचं लिहून झालंय. आणि रविवारी तुम्हीही या जेवायला, मेहरूणला. पत्ता देते.

कौतिक : येतो की. पण अक्का, आधी खरं सांगा. मी चुकून या पेल्यातून पाणी प्यायलो, तर माझ्यासमोर राख काढणार का?

रुक्माबाई : ये ना, भाऊ. तुलेच देसू त्यामा पानी. आते कोनले बी दिधं तरी चाली. आते घर आपलं शे.