हिरू आत्याची ओल

ऐका. आणि सारखं दाराकडे बघू नका, बाहेर कुणी नाही. असलंच तर माझ्या ओळखीचं असेल.

आपला जोमा. मिठागराच्या अलीकडचं जुनं मातीचं घर त्याचं. त्याच्या माजघराची एक भिंत कायम ओली. पावसाळ्यात तिला हात टेकला की पाणी लागायचं हाताला. कौलं फिरवून झाली, मागे चर खणून झाला. भिंत ओलीच. त्याची लहानगी तिथेच पाळण्यात खोकत पडायची. शेवटी बायको, चांगुणा, लेकीला घेऊन माहेरी गेली. म्हणाली, "भिंत सुकली की न्यायला या. तोवर येऊ नका."

आता ही ओल कुणाची? सगळ्या गावाला ठाऊक. जोमाची हिरू आत्या खाडीत चिंबोऱ्या धरायला गेली आणि भरतीत बुडाली. तिला आणून त्याच भिंतीपाशी ठेवलं होतं. त्याच पावसात भिंतीला ओल आली. झालं. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं, ते थोडंच भांडायला येतंय?

तेव्हापासून दर अवसेला त्या भिंतीच्या बुडाशी मीठ पुरायचे. मीठ असलं की भूत आत येत नाही ना. जोमाच्या बापानं पुरलं, जोमानं पुरलं. तरी ओल हटेना, तेव्हा भगत म्हणाला, "एवढ्याशा मिठानं काय होतंय? गोण पूर."

म्हणून भादव्यातल्या अवसेला, दिवेलागण झाल्यावर, जोमा मिठागरावर गेला. गोण पाठीवर घेतली आणि बांधावरून घरी निघाला. एकटाच. सोबत चल म्हटलं, तर ह्या दिनूच्या आजाची नेमकी तेव्हाच कंबर धरली. हसू नकोस दिनू, खरं तेच सांगतेय.

थोडा पुढे गेला, तर मागून हाक. "जोम्याऽ."

त्याला जोम्या म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. तो वळला नाही. मग मागे पाऊल वाजायला लागलं. ओलं पाऊल. चप्पक, चप्पक. हा थांबला की ते थांबे. हा चालला की ते चाले. मग गोण जड व्हायला लागली. मानेवरून पाणी उतरलं, सदरा भिजला, एक थेंब ओठावर आला. खारट. खाडीचं पाणी. बसली आत्या गोणीवर, जोमाच्या मनात आलं, आणि तो पळत सुटला.

तर समोर, वाटेच्या मधोमध, ती उभी. पदर पिळत होती. पिळत होती, पिळत होती, आणि पाणी काही संपत नव्हतं.

"जोम्या," ती म्हणाली, "मी तुझ्या घरात येते का रे?"

जोमानं गोण घट्ट धरली. "मीठ... मीठ आहे ना तिथे. कशी येशील?"

"मग भिंत कोण ओली करतं?"



"वर बघ. पाऊस आहे? आणि मी तर इथे समोर उभी. तुझ्या पाठीवर पाणी कुठून आलं?"

जोमानं गोणीला हात लावला. गोणच पाझरत होती. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे आपल्या घरातलं शेंबडं पोर सांगेल. बरणीचं झाकण घट्ट लाव म्हणून रोज ओरडतो आपण. पण भिंतीच्या बुडाशी वर्षानुवर्षं पुरलेलं मीठ काय करत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"इतकी वर्षं माझ्या नावानं भिंत ओली ठेवलीत," ती म्हणाली. "आता मला सुकू दे रे."

जोमा पुढे वाकला, तशी पाठीवरची गोण खांद्यावरून सुटली. पुढ्यात पडली ती बांध घेऊनच खाली गेली. अवसेच्या उधाणानं बांध आतून पोखरला होता आणि वरून काही कळत नव्हतं. अजून एक पाऊल टाकलं असतं, तर गोणीसकट जोमा त्या पाण्यात. नेमकी तिथेच ती उभी राहिली होती, म्हणून तो थांबला. आता तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या बायका गेलो मदतीला. भिंतीच्या बुडाची माती खणून काढली, त्यात मीठच मीठ. गिलावा खरवडला, तोही खारट. माझ्या हातांना चिरा पडल्या होत्या. आणि पहिली ओल कुठून आली, विचारा की. हिरू गेली त्या वर्षी वादळात एक कौल सरकलं होतं. ते लगेच बसवलंही होतं. भिंत आपली आपण सुकली असती. माणसांनी सुकू दिली नाही.

पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली. जोमा चांगुणाला घेऊन आला. तिनं आल्याआल्या भिंतीला हात लावला, मग गाल लावला, आणि पाळणा तिथेच बांधला. मला तेव्हा रडू आलं. हिरूसाठी आलं. माझ्या बरोबरीची होती ती.

तेव्हा रात्री त्या बांधावरून जाऊ नका. तो अजून कच्चाच आहे. गेलातच, आणि मागून कुणी तुमचं लहानपणीचं नाव घेऊन हाक मारली, तर पळा, माझी ना नाही. पण पळता पळता ती काय म्हणतेय, तेवढं ऐका.