नळापाशीचं गवत

माननीय अध्यक्ष, चऱ्होलीचे जुनेजाणते बागायतदार बाळाजीअण्णा. व्यासपीठावर विराजमान महिला बचत गटाच्या अध्यक्षा विजयश्रीताई. आजच्या सत्कारमूर्ती, सुमन नर्सरीच्या सुमनताई. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. गणपतीत दहा वर्षं माइक धरलेल्या माणसाला तेवढी नमनालाच लागतात, हे आपल्या रो-हाउस सोसायटीतली पोरंसोरंही जाणतात. पण आज नमनाला घडाभर तेल घालत नाही. खरं तर मी बोलू नये, असंच मी विजयश्रीताईंना कळवलं होतं. उलट निरोप आला तो सुमनताईंचा. ज्यानं माझ्याकडून चार वेळा लॉन नेलं, त्यालाच बोलू द्या, असं त्या म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर मला या हॉलच्या पायरीवरही उभं केलं नसतं.

चार वेळा लॉन! हसा, हसण्यासारखंच आहे. घरापुढं जागा केवढी, तर दोन खाटा मावतील एवढी. चाकणला लेथवर एकोणतीस वर्षं गियरचे शाफ्ट कापले, कर्ज काढून घर घेतलं आणि मग डोक्यात गवत शिरलं. का शिरलं? समोर पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत माझी पत्नी जयमाला बसली आहे, तिच्यासाठी. तिला अकरा वर्षांची साखर. आणि आपल्याकडं साखर म्हटली की औषधं सांगणारे घरोघरी. कुणी कारल्याचा रस सांगतं, कुणी जांभळाच्या बिया. आम्हाला एकानं सांगितलं, पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चालवा, साखर उतरते आणि नजरही सुधारते. मी म्हटलं, आपलं स्वतःचंच गवत असू दे.

आलो ताईंच्या नर्सरीत. मला वाटलं, गवत म्हणजे गवत, टाका टेम्पोत. ताईंनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मुलीचं स्थळ बघावं तशा चौकशा सुरू केल्या. ऊन किती तास पडतं? पाणी दिवसाआड येतं, मग टाकी केवढी? आणि वर चालणार कोण? मी तोऱ्यात सांगितलं, ऊन भरपूर. त्यांनी सिलेक्शन वन दिलं. आपल्या हरळीच्याच नात्यातलं, चिवट, पण उन्हाचं भुकेलं. वर्षात शेजारी तीन मजले चढले, आमच्या अंगणात दुपारी बारालाच सावली आली आणि गवताला चाई पडली. मग सावलीत तगणारं रुंद पातीचं आणलं. ते तगलं, पण खरखरीत. जयमालाला विचारलं, टोचतं का गं? ती म्हणाली, छे, मऊ आहे. मला पटलं नाही. मी मेक्सिकन आणलं, ते देखणं. तेही तिला मऊच. शेवटी कोरियन आणलं, गादीसारखं. मी विचारलं, आता? ती म्हणाली, मऊ आहे की.

मंडळी, नंतरची तिन्ही गवतं तिला सारखीच मऊ लागली, यात काहीतरी गडबड आहे, हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं? एकोणतीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरलेल्या माणसाच्या की नाही? नाही आलं. तिच्या तळव्यांची जाणीवच गेली होती. मी इतक्या हौसेनं आणतोय, म्हणून ती बिचारी मऊ म्हणत होती.

लक्षात आलं ते सुमनताईंच्या. कोरियन ठरवायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा नर्सरीतल्या चिखलात जयमालाची एक चप्पल रुतून मागं राहिली आणि ती तशीच पुढं चालत गेली. ताईंनी चप्पल धुऊन आणून दिली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, वहिनींची चप्पल निघाली ती त्यांना कळली न्हाई. आदी पाय दाखवा डॉक्टरला. गवत काय, कवाबी लावता येतं."

मला राग आला. गवत विकणाऱ्या बाईनं मला शहाणपण शिकवावं? घरी येऊन मी जयमालाजवळ त्यांची नक्कलही केली. तीसुद्धा हसली. कोरियन अंथरलं आणि रोज पहाटे ती त्यावर अनवाणी चालू लागली. पायाला दव लागतंय की नाही, हेही तिला कळत नव्हतं.

पावसाळा सरता सरता तिच्या अंगठ्याखाली जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून आठवडाभर दिसलीच नाही. वास आला तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं लोखंडाचा कुरळा तुकडा काढला आणि ट्रेमध्ये टाकला. आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि दिवाळीच्या आत गुडघ्याखालचा पाय. तुकडा काढला त्या दिवशीच डॉक्टरांनी विचारलं होतं, हा कुठून आला. मी म्हणालो, लॉनच्या मातीतून.

त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, सुमन नर्सरीच्या लॉनमधून लोखंड निघालं, माझ्या बायकोचा पाय चाललाय, सावध राहा. तुम्ही सगळ्यांनी तो मेसेज वाचलात. दिघीपर्यंतच्या ग्रुपांवर गेला. तुम्ही विश्वासानं पुढं पाठवलात, तुमचा दोष नाही. त्यानंतर ताईंकडून एकानंही लॉन नेलं नाही. दोन वर्षं रोपं तिथंच वाळली. त्यांच्या दिरांनी जागा बिल्डरला दिली आणि परवा नर्सरीवरचे पत्रे उतरले. ताई आता ताथवड्याला लेकीकडं, स्वप्नालीकडं चालल्या आहेत, अकराव्या मजल्यावर. बाळाजीअण्णा आत्ता म्हणाले, ताईंना विश्रांती मिळेल. ज्या बाईनं चाळीस वर्षं मातीत हात घातला, तिला अकराव्या मजल्यावर कसली विश्रांती, अण्णा?

आता जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते सांगतो.

ट्रेमधला तुकडा निळा होता. लेथवर शाफ्ट कापताना लोखंडाची जी कुरळी बर निघते, ती तापून अशी निळी पडते. मी ती बघताक्षणी ओळखली. रोज माझ्या मशीनखाली तिचा ढीग पडतो. सेफ्टी शूज कंपनीतच लॉकरला ठेवायचे, असा नियम आहे. पण तिसरी शिफ्ट सुटली की बस चुकू नये म्हणून मी तसाच बुटांवर घरी यायचो. त्याच वेळेला पाणी यायचं. मग त्याच बुटांनी नळापाशी उभा राहून मी लॉनला पाणी द्यायचो. बुटांच्या तळव्यात रुतलेली बर ओल्या गवतात गळायची.

जयमाला दवाखान्यात असताना ताई आमच्या घरी आल्या. ग्रुपवरचं सगळं वाचून आल्या होत्या. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं होतं, ते घेऊन दोन दिवस उकिडव्या बसून त्यांनी बोट बोट लॉन तपासलं. अकरा तुकडे निघाले. त्यांनी ते वर्तमानपत्राच्या कागदात बांधले, माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "समदे नळापाशीच घावले, भाऊ. बाकी रानात एकबी न्हाई." माझ्या पायातल्या बुटांकडं एकदा बघितलं आणि फाटक लावून निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी कुणापाशीही तोंड उघडलं नाही. त्यांना वाटलं असेल, हा आज बोलेल, उद्या बोलेल. मी बोललो नाही. बोललो असतो तर नर्सरी आज उभी असती.

अध्यक्षमहाराज, ती पुडी मी आपल्यासमोर टेबलावर ठेवतो. आज सकाळी तो मेसेज पुसायला गेलो होतो. इतक्या जुन्या मेसेजला फोन हात लावू देत नाही.

जयमाला, माझ्याकडं बघू नकोस अशी. तुलाही हे आत्ताच कळतंय. दोन वर्षं तुझी मलमपट्टी करताना रोज सांगायचं ठरवलं आणि रोज गिळलं. तुझा पाय मी घालवला.

विजयश्रीताई, आपण बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. अध्यक्षांनी आणि आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. पाच मिनिटांची बरीच जास्त झाली, शब्दही कमीजास्त झाले असतील, तेवढं सभेनं पोटात घालावं. बाकीचं कुणी पोटात घालावं, असं मी म्हणणार नाही. नमस्कार.