फरशी तिरकी आहे

…नाही, पण मी म्हणते, मला कुणीच कसं अडवलं नाही? अकरा स्टुलं, चव्वेचाळीस पाय, तीन दिवस मी गच्चीवर करवत चालवतेय, अख्ख्या सोसायटीला ऐकू जातंय, येता-जाता लोक ‘काय तनू, बाबांचं काम पुढे चालवतेस वाटतं’ म्हणून कौतुक करतायत, आणि एकाही माणसाला असं वाटू नये, की हिच्या हातातली करवत काढून घ्यावी?

बसा ना तुम्ही. त्या स्टुलावर नको. खुर्ची घ्या.

तर तुम्हाला सांगते, आमचे बाबा, रंगराव, खडकीच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. तीस-बत्तीस वर्षं एकच काम, माप घ्यायचं. केसाच्या जाडीइतका फरक दिसला तरी माल परत. आणि हाच माणूस रविवारी घरी लाकूडकाम करायला बसला, की जे स्टूल करायचा ते डुगडुगायचं! एखादं नाही, प्रत्येक. येरवड्यातली ही आमची सोसायटी त्यांच्याच फॅक्टरीतल्या लोकांनी मिळून बांधलेली, त्यामुळे आज याला स्टूल, उद्या त्याला स्टूल, कुणी सामानाचे पैसे देऊ केले तर म्हणायचे, ‘आपण चहा पाजा.’ पॉलिश वाळेपर्यंत स्टूल आमच्या हॉलमध्ये. मी शाळेतून यायची, त्यावर बसायची, डुगडुग डुगडुग… मी ओरडायची, बाबा, हलतंय! आणि बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, ‘स्टूल बरोबर आहे. फरशी तिरकी आहे.’

संपलं. पुढे एक अक्षर नाही. पुण्याचा माणूस, खुलासा करायचा म्हणजे जिवावर यायचं.

आम्ही हसायचो हो. मी तर जास्तच. आई हसायची नाही, पण आईचं काय, तिचं स्वतःचं स्टूल होतं, ओट्याशेजारी. गुडघे गेलेत तिचे, त्यावर बसून पोळ्या लाटायची. ते मात्र हलायचं नाही. मला वाटायचं, चुकून एखादं बरोबर जमलं असेल.

मग मी गेले स्वीडनला. फर्निचर डिझाईन शिकायला. पाच वर्षं! तिथे शेवटच्या वर्षी सगळ्यांसमोर बोलायचं असतं, तर मी बोलले बाबांवर. विषय काय दिला असेल? ‘प्रेमानं केलेल्या चुका’. एक बाई रडल्या. मीही रडले. बाबा तेव्हा जाऊन चार महिने झाले होते आणि मी दहाव्याला येऊन परत गेले होते, परीक्षा होती म्हणून… जाऊ दे तो विषय.

तर ठरवलं, आता परत यायचं, कायमचं. हातानं वस्तू करणाऱ्या माणसांना इथे कुणी विचारत नाही, आपण विचारायचं. सुरुवात बाबांपासून. वर्षश्राद्धाच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांच्या सगळ्या स्टुलांचं प्रदर्शन. घरोघरी गेले, गोळा केली. खालच्या मजल्यावरच्या द्वारकाकाकू स्टूल सोडेनात, म्हणाल्या, ‘जसं नेतेस तसं आण गं.’ मी म्हटलं, काकू, त्याहून चांगलं आणते.

त्याहून चांगलं! तुम्हीच सांगा, माणसानं किती बोलावं?

कारण माझ्या डोक्यात काय, की लोक येणार, बसणार, स्टूल हलणार, आणि हसणार. बाबांना आयुष्यभर हसले तेवढं पुरे झालं, निदान आता तरी हसायला नकोत. म्हणून सपाटी बघायची लेव्हल घेतली, करवत घेतली, आणि एकेका स्टुलाचा लांब पाय आखूड पायाच्या मापात आणला. खाली पेन्सिलीनं बाण काढलेले होते प्रत्येकाच्या. मला वाटलं, असेल काहीतरी खूण. पॉलिश पेपरनं घासून टाकले. स्वच्छ! आईचं स्टूलही उचललं. ती काहीतरी म्हणत होती, मी म्हटलं, आई, थांब गं, बघ तरी.

रविवार काय झाला म्हणून सांगू. हॉलची फरशी गेल्या वर्षीच नवीन बसवलेली, आरशासारखी सपाट. अकराच्या अकरा स्टुलं ठाम उभी. लोक बसून बघतायत, माना डोलावतायत. मी पंधरा मिनिटं भाषण केलं. टाळ्या. ज्यानं त्यानं आपापलं स्टूल उचललं आणि घरी नेलं.

सोमवारी सकाळी सात वाजता बेल. द्वारकाकाकू, स्टूल घेऊन. ‘तनू, हे हलतंय.’

मला काय वाटलं असेल! मी म्हटलं, काकू, शक्य नाही. खाली गेले, त्यांच्या स्वयंपाकघरात ठेवलं… डुगडुग. तेव्हा काकूंनी सांगितलं. स्टूल करायच्या आधी बाबा त्या-त्या घरी यायचे. खिशातून गोटी काढायचे, काचेची. जिथे बसायचं असेल तिथे फरशीवर ठेवायचे आणि ती कुठे पळते ते बघायचे. आमच्या बिल्डिंगचं तुम्हाला माहीत नाही, दर घराच्या फरशीला मिस्त्रीनं आपल्या मनाचा वेडावाकडा उतार दिलाय, कुणाचा मोरीकडे, कुणाचा खिडकीकडे. गोटी जिकडे जाईल, तिकडचा पाय तेवढा लांब. बाण त्याच बाजूला. अकरा घरं, अकरा उतार. आमच्या हॉलमध्ये ती हलणारच की हो! ती आमच्या हॉलसाठी केलेलीच नव्हती.

फरशी तिरकी आहे. सरळ सांगत होता माणूस. आणि मी ते स्वीडनमध्ये विनोद म्हणून सांगून आले.

वर आले तर आई ओट्यापाशी उभ्यानं पोळ्या लाटत होती. स्टूल बाजूला, भिंतीला लावून ठेवलेलं. मी म्हटलं, आई, तुला माहीत होतं? म्हणाली, चार वेळा केलं होतं त्यांनी हे, माझ्या गुडघ्याला हिसका बसायला नको म्हणून. मग तू मला सांगितलं का नाहीस? तर लाटणं न थांबवता म्हणाली, ‘तू विचारत कुठे होतीस? तू सांगत होतीस.’

आणि हात पुसून शिवणाच्या डब्यातून गोटी काढून माझ्या हातावर ठेवली.

आता कापलेला पाय काही वाढत नाही. नवे पाय करायचे, हात बसेपर्यंत वर्ष जाईल. पहिलं आईचं, तिसऱ्यांदा केलंय, अजून किंचित हलतंय, ती बसते तरी. तोवर बाकीच्यांकडे रोज संध्याकाळी मी, गोटी आणि पायाखाली सरकवायला पुठ्ठा. दारात गेले, की लोक पाय वर घेऊन बसतात, गोटीला वाट मिळावी म्हणून. सवय आहे त्यांना.

काल मच्छिंद्रकाकांकडे होते. बाबांच्याच खात्यातले. तीन घड्यांचा पुठ्ठा घातला, चार घड्यांचा घातला, काका बसले… डुगडुग. इतकी दमले होते, तोंडातून निघूनच गेलं, ‘काका, फरशी तिरकी आहे.’

काका शांतपणे म्हणाले, ‘ती रंगराव होते तेव्हाही तिरकीच होती. स्टूल सरळ होतं.’

चहा दिला त्यांनी. मी उभ्यानंच प्यायले.